लॅम्बचा राजीनामा आणि बार्टनची नोकरी

इंग्रजी निबंधवाङ्मयाशी ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे, त्यांच्या वाचनात चार्ल्स लॅम्बचा 'दि सुपरॅन्युएटेड मॅन' हा निबंध आला नसेल असे सहसा संभवत नाही. मे १८२५ च्या 'लंडन मॅगझिन'मध्ये तो प्रथम प्रसिद्ध झाला, १८३३ साली निघालेल्या एलियाच्या अखेरच्या निबंधसंग्रहात त्याचा समावेश झाला, आणि पुढे पाठ्यपुस्तके सिद्ध करणाऱ्या मंडळींचा तो मोठाच आधार होऊन राहिला. छत्तीस वर्षे कचेरीच्या मेजाशी जखडलेला एक कारकून एके दिवशी अकस्मात मोकळा होतो, आणि हाती आलेल्या अमर्याद वेळाचे काय करावे हे त्याला उमगत नाही, एवढीच त्यातील हकीकत. वर्गात हा निबंध शिकविताना आमच्यासारखा अध्यापक 'विनोदाआड दडलेले कारुण्य' हे शब्द फळ्यावर लिहितो, विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात, आणि परीक्षेच्या दिवशी ते जसेच्या तसे आम्हांस परत मिळतात. तक्रार करण्यासारखे यात काही नाही. ते शब्द खोटेही नाहीत. परंतु नोकरी सोडावी की न सोडावी, या विवंचनेत जो खरोखरीच सापडला आहे, अशा वाचकाने मोठ्या आशेने हा निबंध उघडला तर त्याच्या पदरी निराशाच येईल. कारण ज्या गोष्टीने त्याची झोप उडालेली असते, तो निर्णय या निबंधात कोठेही नाही.

आमचे हे म्हणणे एखाद्यास चमत्कारिक वाटेल. म्हणून निबंधाची मांडणी थोडी बारकाईने पाहू. निबंधातील गृहस्थ चौदाव्या वर्षी नोकरीस लागला. रविवार, नाताळचा एक दिवस, ईस्टरचा एक दिवस आणि उन्हाळ्यात हर्टफर्डशायरला जाऊन येण्यापुरता एक आठवडा, एवढीच त्याची वर्षाची विश्रांती. हा आठवडा सुखाच्या मागे धावण्यातच संपून जातो आणि रविवार तर दुकाने बंद असल्यामुळे अधिकच भकास वाटतो. रात्री स्वप्नात हिशेबाच्या चुका दिसतात. पुढे पुढे आपण या कामास नालायक ठरत आहो असे भय त्याच्या मनात घर करते, आणि एके दिवशी पेढीच्या भागीदारांपैकी एकाजवळ तो नकळत आपल्या प्रकृतीची कबुली देऊन बसतो. मग त्याला आतल्या खोलीत बोलावणे येते. आता बडतर्फीच, असे समजून तो थरथरत जातो. तो मालकच त्याच्या सेवेची वाखाणणी करून दोन तृतीयांश वेतन तहहयात देण्याचे सांगतात. तो काहीतरी पुटपुटतो, वाकून नमस्कार करतो आणि कायमचा घरी येतो.

या साऱ्यात त्या गृहस्थाने केले काय? काहीच नाही. त्याने राजीनामा लिहिला नाही, त्यासाठी कोणाची मसलत घेतली नाही, आपले घर पुढे कसे चालेल याचा हिशेब मांडला नाही. बंदिवानाची बेडी जशी दुसऱ्याच कोणीतरी तोडावी, तशी त्याची सुटका झाली. स्वातंत्र्याचे हे वर्णन आहे खरे. पण ते दान म्हणून मिळालेल्या स्वातंत्र्याचे आहे.

आता लॅम्बच्या प्रत्यक्ष आयुष्यातील घटना या निबंधाशेजारी ठेवून पहाव्या. लॅम्ब एप्रिल १७९२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील कचेरीत हिशेबखात्यात उमेदवार म्हणून शिरला. पहिली तीन वर्षे त्याला नियमित वेतन असे नव्हतेच. वर्षाकाठी तीस पौंडांची बक्षिसी काय ती हाती पडे. पुढे वेतन वाढत वाढत अखेरीस सालीना सातशे तीस पौंडांपर्यंत गेले. म्हणजे उत्तरायुष्यात त्याला दरिद्री कारकून म्हणता येणार नाही. परंतु मनुष्याच्या मनाची घडण पहिल्या वर्षांतच होते, आणि त्या वर्षांत लॅम्बच्या घरी जे घडले ते वाचताना आजही अंगावर काटा उभा राहतो. २२ सप्टेंबर १७९६ रोजी त्याच्या बहिणीने, मेरीने, वेडाच्या झटक्यात आपल्या जन्मदात्या आईचा सुरीने प्राण घेतला. मेरीला जन्मभर वेड्यांच्या इस्पितळात डांबून ठेवण्याचा प्रसंग टळला तो केवळ तिच्या या एकवीस वर्षांच्या भावाने तिचा भार आपल्या शिरावर घेतला म्हणून. लॅम्बने पुढे लग्न केले नाही. मेरीचा आजार पुनःपुन्हा उलटे; तिला उपचारासाठी पोहोचवावे, बरी झाली की घरी आणावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खतावणीपुढे जाऊन बसावे, असा त्याचा क्रम होता. त्या मेजाचा त्याला मनस्वी वीट होता, हे त्याने वर्ड्स्वर्थला लिहिलेल्या पत्रांवरून उघड दिसते. तीस वर्षे जोखडाखाली काढूनही आपली मान त्याला सरावली नाही अशा आशयाची तक्रार त्याने १८२२ साली केली होती. पण ते मेज सोडणे म्हणजे मेरीच्या पायाखालचा आधार काढून घेणे, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

आणि तरीही १८२५ च्या प्रारंभी त्याने राजीनामा पुढे केला. प्रकृती ढासळली होती आणि वैद्यांचे दाखले त्याने जोडले होते. डायरेक्टरांनी तो अर्ज स्वीकारला नाही व नाकारलाही नाही. आठवड्यांमागून आठवडे त्याला टांगून ठेविले. त्या काळातील त्याची पत्रे वाचली म्हणजे निबंधातील तो हसतमुख प्रसंग किती सोयीस्कर आहे ते कळते. पेन्शन मिळाले तर जगलो, आणि नाही मिळाले तर त्याच मेजाशी, आता मालकांची नाराजी ओढवून, पुन्हा जाऊन बसायचे! २९ मार्च १८२५ रोजी अखेर निकाल लागला: सालीना साडेचारशे पौंड, त्यातून मेरीला मागे काही मिळत राहावे म्हणून नऊ पौंडांची कपात, म्हणजे हाती चारशे एकेचाळीस.

हे नऊ पौंड आम्हांस फार महत्त्वाचे वाटतात. निबंधात ते नाहीत. त्यांच्याबरोबर मेरीही नाही, अर्ज नाही, दाखले नाहीत, आठवड्यांचा तो जीवघेणा खोळंबाही नाही. निबंधकाराने आपल्या अनुभवातून नेमका निर्णय तेवढा काढून टाकिला, निर्णय ज्यांच्यामुळे कठीण झाला त्या माणसांना वगळले, आणि उरलेल्या भागावर एक अत्यंत सुंदर निबंध उभा केला. त्याबद्दल त्याला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. घरातील दुःख चारचौघांत मांडण्याचा तो काळ नव्हता आणि लॅम्बचा तो स्वभावही नव्हता. परंतु निर्णय पहावयाचा असेल तर वाचकाने निबंध मिटून पत्रांकडे वळले पाहिजे. आणि त्यातही एका विशिष्ट गृहस्थास लिहिलेल्या पत्रांकडे.

हा गृहस्थ म्हणजे बर्नार्ड बार्टन. सफोक परगण्यातील वुडब्रिज या लहानशा गावी अलेक्झांडर यांच्या पेढीत तो कारकून होता. क्वेकर पंथाचा, तरुणपणीच विधुर झालेला, पदरी एक मुलगी. दिवसभर पेढीचे काम करावे आणि रात्री कविता लिहाव्या असा त्याचा परिपाठ होता. त्याचे काव्यसंग्रह एकामागून एक निघत होते, त्यांस बऱ्यापैकी वाचकही होते. साहजिकच त्याच्या मनाने घेतले की, ही पेढी आपले आयुष्य खाऊन टाकीत आहे, ती सोडावी आणि लेखणीवर जगावे. या विचाराने तो किती वर्षे पछाडलेला होता पहा: १८१२ साली त्याने बायरनचा सल्ला घेतला होता, आणि लिहिणे सोडू नये पण सर्वस्वी लेखनावर विसंबूही नये असे उत्तर त्याला मिळाले होते. दहा वर्षांनी तोच प्रश्न घेऊन तो लॅम्बकडे आला.

९ जानेवारी १८२३ चे लॅम्बचे उत्तर इंग्रजी पत्रवाङ्मयात प्रसिद्ध आहे. त्यातील आवेश पाहून वाचक प्रथम हसतो. पुस्तकविक्रेत्यांच्या लहरीखेरीज उदरनिर्वाहाची दुसरी कोणतीही तजवीज नसताना जगाच्या अंगावर उडी टाकणार? त्यापेक्षा रोमन लोक ज्या कड्यावरून अपराध्यांचा कडेलोट करीत, त्यावरून खाली लोखंडी सुळ्यांवर उडी घेतलेली बरी, असे तो सांगतो. पुस्तकविक्रेते गरीब लेखकांना कसे पिळून काढतात ते वर्णन करतो. त्यापेक्षा आपण शिंपी किंवा विणकर झालो असतो तर बरे झाले असते, असेच या लेखकांना वाटत असे, हे तो सांगतो. पेढीला धरून रहा म्हणजे पेढी तुला धरून राहील, हा त्याचा मुख्य मुद्दा. आणि मग तो स्वतःकडे वळतो. कचेरीविषयी आजवर केलेल्या आपल्या साऱ्या कुरकुरी तो मागे घेतो. त्या प्रेमिकांच्या भांडणासारख्या होत्या, अर्ध्यामुर्ध्याच खऱ्या होत्या, म्हणतो. मेजाचे ते निर्जीव लाकूडच आपल्याला जगविते असे म्हणून तो त्याचे स्वागत करतो. मेज आणि बिछाना यांच्या मध्ये जी पाचच मिनिटे समाधानाची सापडतील, ती जपून ठेवावी असा त्याचा उपदेश आहे.

आणि हे लिहिल्यावर सव्वादोन वर्षांच्या आत लॅम्ब स्वतः मोकळा झाला! एप्रिल १८२५ मध्ये बार्टनलाच लिहिलेल्या पत्रात तो आनंदाने नाचत आहे. आकाशातील पाखरालाही असली मुक्तता ठाऊक नाही असा त्याचा सूर आहे. बिचाऱ्या बार्टनने हे पत्र पेढीतून दमून आल्यावर दिव्याच्या उजेडात वाचले असेल.

दुसऱ्याला एक उपदेश करावा आणि स्वतः त्याच्या उलट वागावे, हा ढोंगीपणा नव्हे काय, असे कोणी विचारील. आमच्या मते तो ढोंगीपणा नव्हे, विसंगतीही नव्हे. लॅम्बने बार्टनला 'नोकरी कधीच सोडू नको' असे सांगितले नव्हते. 'तजविजीवाचून सोडू नको' असे सांगितले होते. त्याने स्वतः सोडली ती तजवीज हाती येण्याची वाट पाहत, तीही ती हाती येईपर्यंत जीव मुठीत धरून. कामाचा वीट दोघांनाही सारखाच होता. किंबहुना वीट किती आला आहे यावर नोकरी सोडण्याचा निर्णय अवलंबून असता, तर लॅम्बने ती १७९५ सालीच सोडली असती. दोघांत फरक होता तो चारशे एकेचाळीस पौंडांचा. वर्ड्स्वर्थ आणि कोलरिज हे लॅम्बचे मित्र निसर्गाच्या सान्निध्यात राहून काव्य करीत होते, आणि लॅम्ब लंडनमध्ये आकडे मांडीत होता, हे चित्र आपण नेहमी पाहतो. परंतु वर्ड्स्वर्थला तारुण्यात रेझली कॅल्व्हर्ट या मित्राच्या मृत्युपत्राने नऊशे पौंड मिळाले होते, कोलरिजला १७९८ पासून वेजवुड बंधूंनी सालीना दीडशे पौंड बांधून दिले होते. आणि पुढे १८१३ मध्ये वर्ड्स्वर्थनेही स्टँपखात्याची सरकारी जागा पत्करलीच. वाङ्मयाच्या इतिहासात अशा रकमा तळटीपांत घालण्याची चाल आहे. आमच्या अल्पमतीप्रमाणे त्या मुख्य मजकुरात यावयास हव्यात.

येथे एक गोष्ट मराठी वाचकाने विसरता कामा नये. लॅम्ब ज्या खतावण्यांना विनोदाने आपले खरे समग्र ग्रंथ म्हणत असे, त्यांत चहा होता, नीळ होती, कापड होते. त्यांपैकी नीळ आणि कापड बव्हंशी याच देशातले. तो मेजाशी बसला होता त्याच काळात, १८१७ साली, पुण्यावर कंपनीचे निशाण चढले. मेरीला सांभाळणारे ते पौंड कोठून आले याचा विचार त्या प्रेमळ मनुष्याच्या पत्रांत आम्हांस कोठे आढळला नाही. आम्ही हे आकसाने लिहीत नाही. परंतु तजविजीची गोष्ट निघाली की तिचा खर्च कोणाच्या नावे पडला हेही पहावे लागते.

असो. लॅम्बचा सल्ला व्यवहाराच्या दृष्टीने बिनतोड होता एवढ्यावर हे प्रकरण मिटत नाही. बार्टनला लिहिलेले तिसरे पत्र अजून राहिले आहे, आणि आमच्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे. ते २५ जुलै १८२९ चे. मोकळे होऊन चार वर्षे झाली होती. बार्टन पेढीच्या कामाने पिचला होता आणि तशी तक्रार त्याने केली असावी. लॅम्ब त्याला उत्तर देतो की, अतिश्रमाबद्दल तुझी कीव येते. पण काम मुळीच नसणे हे त्याहून वाईट आहे, मन स्वतःलाच खाऊ लागते. आपल्याला कितीही वेळ मिळाला तरी पुरणार नाही अशी पूर्वी मारलेली बढाई तो परत घेतो.

हे पत्र वाचून पुष्कळ जण म्हणतात, 'पहा, अखेरीस नोकरीच बरी!' हा अर्थ आम्हांस उथळ वाटतो. लॅम्बचा रिकामपणा हा निवृत्तीचा दोष नव्हता. तेहतीस वर्षांच्या नोकरीचा तो शेवटचा हप्ता होता. सतराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत ज्याच्या दिवसाचे तास दुसऱ्याने आखून दिले, त्याच्या हाती एकाएकी दिवस दिला तर तो धरण्याची ताकदच त्याच्या बोटांत उरलेली नसते. निबंधाचा उत्तरार्ध आम्ही या दृष्टीने पुन्हा वाचून पाहिला, आणि पूर्वी केवळ मौजेचे वाटलेले एक स्थळ निराळेच दिसू लागले. मोकळा झालेला तो कारकून काही दिवसांनी जुन्या सोबत्यांना भेटावयास कचेरीत जातो. थट्टामस्करी होते, पण पूर्वीची गोडी तिला येत नाही. त्याचे मेज, त्याची टोपी अडकविण्याची खुंटी दुसऱ्याच्या मालकीची झालेली असते. हे असे व्हावयाचेच, हे त्याला कळते. तरी ते त्याच्या जिव्हारी लागते. जी खुंटी छत्तीस वर्षे नकोशी होती, ती दुसऱ्याची झालेली पाहून दुखणारे हे मन लॅम्बने किती अचूक टिपले आहे! निर्णय निबंधात नाही हे खरे. पण निर्णय फार उशिरा झाला म्हणजे काय होते, ते त्या एका खुंटीत आहे.

म्हणजे पत्रातील लॅम्ब राहण्याची बाजू सांगतो आणि निबंधातील लॅम्ब, आपण तसे करीत आहो हे न जाणता, राहण्याची किंमत सांगतो. बार्टनच्या हाती पहिलेच आधी पडले, आणि त्याने ते मानले. १८२४ साली त्याच्या पंथातील सधन मित्रांनी बाराशे पौंडांचा निधी त्याच्यासाठी उभारला; तो घ्यावा की न घ्यावा, म्हणून त्याने पुन्हा लॅम्बला विचारले, आणि लॅम्बने निःसंकोच घ्यावा असे कळविले. निधी घेऊनही बार्टनने पेढी सोडली नाही. एकूण सुमारे चाळीस वर्षे तो तेथे राहिला. फेब्रुवारी १८४९ मध्ये वारला, त्याच्या दोनच दिवस आधीपर्यंत पेढीत जात होता. त्याच्या कविता आज कोणी वाचीत नाही. एडवर्ड फिट्झजेराल्डने, जो पुढे त्याचा जावई झाला, त्याच्या निवडक कवितांना चरित्रात्मक प्रस्तावना लिहिली. तीत त्याच्या गोड स्वभावाची वाखाणणी आहे, आणि लिहिलेले पुन्हा घासूनपुसून पाहण्याचा त्याला कंटाळा होता असेही त्यात सुचविले आहे. वाङ्मयावर जगण्याचे त्याने साहस केले असते तर त्याची कविता अधिक चांगली झाली असती काय? आम्हांस तसे वाटत नाही. पण त्या पाच मिनिटांत लिहिलेल्या कवितेला घासूनपुसून पाहण्यास सहावे मिनिट कोठून यावे, हाही प्रश्न आहेच.

आमच्या मराठीत लॅम्बची परंपरा लघुनिबंधाच्या रूपाने आली. ना. सी. फडके, अनंत काणेकर प्रभृतींनी तिचे खेळकर रूप उचलले, आणि त्यापायी आमचे गद्य पुष्कळ हलके व सुटसुटीत झाले हे मान्य केले पाहिजे. परंतु लॅम्बच्या खेळकरपणामागे जे मेज होते ते मात्र इकडे फारसे आले नाही. आमच्याकडील नोकरी सोडण्याच्या गोष्टी निराळ्या मुशीतल्या आहेत, आणि त्यांची उजळणी केल्यावाचून हा विषय आमच्या घरचा होणार नाही.

विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७४ पासून 'निबंधमाला' चालवीत होते, तेही सरकारी शाळेतील नोकरी सांभाळून. म्हणजे तोपर्यंत ते बार्टनच्याच पंक्तीत बसले होते म्हणावयास हरकत नाही. रत्नागिरीस बदली झाली, आणि १८७९ साली त्यांनी नोकरी सोडली. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. शास्त्रीबुवांनी लॅम्बचे पत्र वाचले असते तर ते मोठ्याने हसले असते असे आम्हांस वाटते. पण बारकाईने पाहिले तर त्यांनीही तजविजीवाचून उडी घेतली नाही. त्यांची तजवीज पेन्शनची नव्हती, कामाची होती. कोठून सुटावयाचे याबरोबरच कोठे जावयाचे हे त्यांच्या मनात पक्के होते: शाळा, छापखाना, वर्तमानपत्र. लॅम्बला मिळालेला वेळ रिकामा होता, शास्त्रीबुवांना मिळालेला वेळ आधीच भरलेला होता. आणि तो फार थोडा निघाला. १७ मार्च १८८२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते वारले.

त्या शाळेतून व पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून अल्प वेतनावर काम करण्याचे जे ब्रीद निर्माण झाले, त्याची कहाणी सर्वांस ठाऊक आहे. टिळकांनी १८९० च्या अखेरीस सोसायटीचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत सहकाऱ्यांनी बाहेरची कामे आणि बाहेरची प्राप्ती पत्करू नये हा वाद प्रमुख होता. वेतन थोडे म्हणून नोकरी सोडणारे जगात पुष्कळ. थोड्या वेतनाचे व्रत सोबत्यांनी मोडले म्हणून सोडणारा विरळा. आगरकरांची बाजू घरसंसाराच्या गरजांची होती, आणि तीही खोटी नव्हती. दम्याने जर्जर झालेला तो मनुष्य १८९५ साली, चाळिशीही न गाठता, त्याच कामावर असताना निवर्तला. या दोघांचा वाद वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ते वेतन त्यांनी स्वतः ठरविले होते. संस्था त्यांची होती, नियम त्यांचे होते, आणि म्हणून त्यांवर भांडण्याचा अधिकारही त्यांचाच होता.

हा मुद्दा आम्ही मुद्दाम लिहितो. आज महाराष्ट्रातील महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर शिकविणारा एक मोठा वर्ग आहे. तासाला ठरेल तेवढे मानधन, सुटीत काही नाही, तेही महिनोन्‌महिने तुंबलेले. एका गावी सकाळचे तास आणि दुसऱ्या गावी दुपारचे. वर परीक्षेची कामे, समित्यांची कामे, आणि पुढील वर्षी पुन्हा मुलाखत. यांपैकी कित्येक आमचे विद्यार्थी आहेत. नेट-सेट झालेले, कोणी पीएच.डी. झालेले, वये पस्तिशी-चाळिशीची. 'सर, सोडू का?' म्हणून ते विचारतात, आणि लॅम्बचे १८२३ चे पत्र आमच्या ओठांवर येते. परंतु ते पत्र येथे लागू पडत नाही. लॅम्बने बार्टनला जी पेढी धरून राहण्यास सांगितले, ती त्याला धरून राहणारी होती. येथे धरून रहावयाचे कशाला? आमच्या पिढीच्या वाट्यास निवृत्तिवेतन आले. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ते जुन्या रूपात मिळेनासे झाले. आणि या तरुणांच्या बाबतीत तर सेवेत लागण्याचा दिवसच उजाडलेला नाही. अशांच्या पुढे जेव्हा एखाद्या संस्थेचा चालक टिळक-आगरकरांच्या त्यागाचा दाखला देतो, तेव्हा आम्हांस त्या व्यासपीठावरून उठून जावेसे वाटते. दुसऱ्याच्या पगारातून कापलेल्या रकमेला त्याग हे नाव देण्याची सोय टिळकांनी किंवा आगरकरांनी कोणास करून दिलेली नाही.

मग त्यांस सांगावे काय? ज्यांच्या घरी कोणी मेरी आहे, त्यांना आम्ही अजूनही तजवीज हाती आल्याशिवाय पाऊल उचलू नका असेच सांगतो. परंतु तजवीज म्हणजे वाट पाहणे नव्हे, हेही सांगतो. लॅम्बने पेन्शनची वाट पाहिली तेव्हा पेन्शन देणारी कंपनी अस्तित्वात होती. ज्या जागेची जाहिरातच निघत नाही तिची वाट पाहत दहा वर्षे काढणे, यात बार्टनचा शहाणपणा नाही आणि शास्त्रीबुवांचे धाडसही नाही. एका विद्यार्थ्याने गेल्या वर्षी तास सोडून गावी अनुवादाचे आणि मुद्रितशोधनाचे काम सुरू केले. प्राप्ती तासांहून थोडी अधिक आहे, पण ती दर महिन्याला वेळेवर येते. त्याने ही बातमी आम्हांस कळविली तेव्हा तीत थोडा अपराधाचा सूर होता, जणू वाङ्मयाच्या सेवेतून तो पळून गेला होता. आम्ही त्याला लॅम्बच्या पत्रांचे ई. व्ही. लुकसने संपादिलेले खंड वाचावयास दिले, आणि १८२३, १८२५ व १८२९ या तिन्ही ठिकाणी खुणेचे कागद घालून दिले. निबंध त्याने पूर्वीच, आमच्याच वर्गात, वाचला होता.